एस्सिटालोप्रॅम कमी करताना बी१२, बी कॉम्प्लेक्स घेतल्याने फरक पडतो का? (दादासाठी विचारतेय)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे, तो स्वतः इथे लिहिणार नाही म्हणून मी लिहितेय. दादा बरीच वर्षं एस्सिटालोप्रॅम (चिंता-डिप्रेशनची गोळी) १० एमजीवर आहे, पॅनिक अटॅक यायचे तेव्हा सुरू झालेली. आता सगळं बरं चाललंय, नोकरीही नीट आहे, तर डॉक्टरच म्हणाले की हळूहळू कमी करू, आधी अर्धी घे. अर्धी केली आणि आठवड्याभरात सुरू झालं, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, चक्कर, पहाटे तीनला टक्क जाग, पायाला मुंग्या, आणि चिडचिड इतकी की वहिनी माहेरी निघाली होती (गेली नाही). डॉक्टर म्हणतात थोडं थांब, होईल कमी. पण दादाला धीर कुठला, रात्र रात्र नेटवर बसून कुठल्यातरी अमेरिकन लोकांचं वाचून काढलंय आणि यादीच केलीय, बी६ १०० एमजी, नायसिन (म्हणजे बी३) ५००, जिभेखाली ठेवायची बी१२, वर बी कॉम्प्लेक्स. म्हणतो यानेच नसा रिपेअर होतात. मेडिकलमधून आणायचं काम माझ्याकडे. कुणी घेतलंय का असं? आणि व्हिटॅमिनच आहेत तर तोटा तो काय, जास्तीचं लघवीतून निघून जातं ना?

सोलापुरी_चादर
ताई, मी पॅरॉक्सेटिन (तशीच एक गोळी) सोडलीय म्हणून बोलतो. त्या काळात मीही बी कॉम्प्लेक्स खाल्लं, लघवी पिवळीजर्द झाली (ते बी२ मुळे होतं, घाबरायचं नाही), बाकी डोक्यातला करंट होता तिथेच. मला उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, डॉक्टर बदलले आणि नव्या डॉक्टरांनी कमी करायचा वेग एकदम मंद केला. दादांना सांगा की तो करंट खरा आहे, मनाचे खेळ नाहीत, माझ्याही घरी 'तुला काहीतरी भास होतायत' इथपासून 'दृष्ट काढा' इथपर्यंत सगळं झालेलं.
एक सूचना, गोळीवर सीआर असं लिहिलं असेल तर ती मोडून अर्धी करू नका, ती पोटात हळूहळू सुटायला बनवलेली असते. एस्सिटालोप्रॅमची साधी असते बहुतेक, तरी बघून घ्या.

निळासावळा
मी विरुद्ध बाजूने बोलतो. मला बी१२ ने आयुष्य परत दिलं. उदासपणा, विसरभोळेपणा, हातापायात मुंग्या, दोन मानसोपचारवाले झाले, गोळ्या वाढतच गेल्या आणि शेवटी एका फिजिशियनने बी१२ तपासलं तर तळाला. इंजेक्शनं घेतली आणि काही महिन्यांत माणसात आलो. तेव्हा व्हिटॅमिनला हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. नायसिनबद्दलही वाचा, कॅनडात हॉफर नावाच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे पेशंट नायसिनने बरे केले होते, औषध कंपन्यांना ते परवडणारं नव्हतं म्हणून दाबलं गेलं.

डॉ_फुरसत
मी मानसोपचारात काम करते. इथे कुणाचं निदान करत नाही, पण या धाग्यावर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय म्हणून लिहिते.

निळासावळा यांना जे झालं ते खरं आहे आणि आपल्याकडे ते दुर्मिळ अजिबात नाही. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते, सुमारे दोन तृतीयांश लोकांत बी१२ कमी निघालं आणि सगळ्यात वाईट अवस्था होती ती आपल्या मध्यमवर्गाची. शाकाहार, त्यात दूधही चहापुरतं, वर अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्रॅझोल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन, या दोन्हींनी बी१२ आणखी कमी होऊ शकतं. आणि बी१२ कमी असलं की काय होतं? मुंग्या, तोल जाणं, थकवा, चिडचिड, विसरणं, उदासपणा. आता ही यादी गोदाकाठची यांच्या पोस्टशेजारी ठेवून वाचा. म्हणजे दादांना जे होतंय त्यातलं काही औषध कमी केल्यामुळे असेल आणि काही आधीपासूनचं बी१२ चं असेल, बाहेरून बघून वेगळं करता येत नाही. डोक्यात करंट मात्र बी१२ चं लक्षण नाही, ते गोळीचंच.

दुसरी गोष्ट. बी१२ कमी नसताना ते खाऊन गोळी सोडण्याचा त्रास कमी होतो का, तर याला चांगल्या अभ्यासाचा आधार नाही. नसा रिपेअर वगैरे ऐकायला छान आहे, पण करंट येतो तो नस तुटल्यामुळे नाही, इतकी वर्षं मेंदूने औषध धरून आपला हिशोब बसवलेला असतो तो परत बसवायला त्याला वेळ लागतो. तो वेळ कमी करणारी गोळी आमच्याकडेही नाही. आमच्या हातात आहे तो फक्त वेग. आणि इथे पुष्कळ लोकांचं, आमच्यातल्याही काहींचं, गणित चुकतं. २० ची १० केली म्हणजे मेंदूवरचा परिणाम अर्धा झाला असं नसतं, तो थोडाच उतरतो. १० ची ५ केली की जरा जास्त. खरी घसरगुंडी ५ वरून शून्यावर येताना. हॉरोविट्झ आणि टेलर या दोघांनी २०१९ मध्ये हे नीट मांडलं, त्यानंतर ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२० मध्ये लोकांसाठी माहितीपत्रक काढलं, त्यातही हाच सल्ला आहे, की खाली येताना पायऱ्या लहान लहान करत जा आणि त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत जा. परत जाणं म्हणजे हरणं नव्हे हे दादांना वहिनींनी सांगावं, डॉक्टरचं ऐकत नसतील तर.

घाबरवायला लिहीत नाहीये. २०२४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला, त्यात अँटीडिप्रेसंट थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, पण डमी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना झाला. फार तीव्र त्रास साधारण ३ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांचं निभावतं, ज्यांचं निभावत नाही त्यांना मात्र 'होईल कमी' एवढ्यावर परत पाठवू नये.

औषधवाला
माझं मेडिकल आहे, साताऱ्याकडे. 'जास्तीचं लघवीतून निघून जातं' हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून इतक्यांदा ऐकतो की बोर्ड लावायचा विचार आहे. बी६ च्या बाबतीत ते चालत नाही. बी६ जास्त डोसने बरेच महिने घेतलं तर नसांनाच इजा होते, आणि सुरुवात कशाने होते माहितेय का, पायाच्या मुंग्या आणि बधिरपणा. म्हणजे मुंग्यांसाठी गोळी खायची आणि गोळीने मुंग्या आणायच्या. अमेरिकेत वरची मर्यादा रोज १०० एमजी धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. आपल्या साध्या बेकोसूल्समध्ये बी६ सुमारे ३ एमजी असतं, ते कुणी काही दिवस खाल्लं तर मला काळजी नाही. पण १०० एमजी बी६, शिवाय बी कॉम्प्लेक्समधलं, शिवाय प्रोटीन पावडरमधलं, शिवाय कुठल्यातरी नसांच्या गोळीतलं अशी बेरीज कुणी करतच नाही.

त्यावरून आठवलं. ताई, दादा पायाच्या मुंग्यांसाठी किंवा कंबरेसाठी काही घेतात का? आणि एस्सिटालोप्रॅमचं पाकीट एकदा नीट बघा, नावाच्या शेवटी 'प्लस' वगैरे काही आहे का. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं इथे टाईप करा.

अटलांटाकर
इकडे सगळं गमीमध्ये मिळतं, अस्वलाच्या आकारात बी१२. दादांनी बहुतेक वाचलं असेल त्या बी६ च्या अभ्यासाबद्दल मला माहिती आहे, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचा, २०२२ चा. तरुण मुलामुलींना महिनाभर रोज १०० एमजी बी६ दिलं, तर चिंता थोडी कमी वाटते असं त्यांनी स्वतः सांगितलं, बी१२ ने तितकासा फरक दिसला नाही. चांगला अभ्यास आहे, पण त्यात कुणी गोळ्या सोडत नव्हतं आणि महिन्याभराचाच होता. बातम्यांचे मथळे मात्र असे की चिंतेवर औषध सापडलं. इकडच्या ग्रुपांवर मी स्वतः असे लोक पाहिलेत जे ऐन विथड्रॉवलमध्ये (गोळी सोडतानाच्या त्रासात) बी कॉम्प्लेक्सचा मोठा डोस घेऊन रात्रभर टकटकीत जागे, छातीत धडधड. त्याला शास्त्रीय आधार किती ते डॉक्टरीणबाई सांगतील, पण त्या काळात सगळंच जास्त लागतं, मला तर कॉफीही चालेना.

प्रा_जोंधळे
हॉफर यांचं नाव निघालं म्हणून. दाबलं गेलं वगैरे काही नाही. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये हॉफर आणि ऑस्मंड यांनी नायसिनचे प्रयोग केले, मग इतरांनी करून पाहिले, त्यांना ते फायदे दिसेनात, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या समितीने सगळं तपासून आधार नाही असं जाहीर केलं. गाजावाजा करून झालं ते सगळं.
पण त्यांना ते सुचलं त्यामागे तर्क होता, आणि तो आपल्या दख्खनच्या मातीशी जोडलेला आहे म्हणून मला त्याचं अप्रूप. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो, त्यात कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो. जगात तो मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून प्रसिद्ध, आपल्याकडे मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत सापडला, ज्वारीतल्या ल्युसिनमुळे असं होत असावं अशी त्यांची मांडणी होती. अशा रुग्णाला नायसिन दिलं की वेड उतरतं, डोळ्यादेखत. पण ज्याला पेलाग्रा नाही त्याला देऊन तसं होईल असं मानणं ही उडी झाली. (ज्वारीची भाकरी बंद करू नका आता कुणी, वरणभाजीसोबत खाणाऱ्याला काही होत नाही.)

डॉ_फुरसत
प्राध्यापक, मस्त. नायसिनचं अजून एक, ५०० एमजी घेतलं की अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, अंगाची आग, धडधड. पॅनिक अटॅकचा इतिहास असलेल्या माणसाला हे म्हणजे घरबसल्या अटॅक. मोठे डोस लिव्हरलाही त्रास देतात. यादीतून तेवढं काढूनच टाका.

आणि एक जागा अशी आहे जिथे बी व्हिटॅमिन म्हणजे खरंच उपचार आहे, दारू सोडताना. रोज खूप पिणाऱ्याच्या शरीरात बी१ उरलेलं नसतं, दारू बंद करून भरती झाला की थायमिनचं (म्हणजे बी१ चं) इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मला वाटतं 'विथड्रॉवलमध्ये बी व्हिटॅमिन' ही समजूत लोकांत तिथूनच पसरली असावी, एका आजाराचं खरं दुसऱ्याला चिकटलं.

मनीमाऊ
मला बायपोलर आहे, त्यासाठी लॅमोट्रिजिन घेते. मला कुणीतरी केसांसाठी आणि मूडसाठी फॉलिक अ‍ॅसिड घे म्हटलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं सध्या नको. ऑक्सफर्डच्या लोकांचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला होता. का ते त्यांनाही नक्की कळलेलं नाही. म्हणून 'व्हिटॅमिनच तर आहे' असं म्हणून कुणी सुरू करू नका, आणि ज्या मैत्रिणी गरोदरपणासाठी घेतायत त्यांनी हे वाचून लगेच बंदही करू नका, तुमचं गणित वेगळं आहे, विचारून घ्या.

रक्तनमुना
मी लॅबमध्ये आहे. माझं एकच म्हणणं, आधी रक्त द्या मग गोळ्या खा. लोक बी१२ ची गोळी आठवडाभर खाऊन येतात आणि रिपोर्ट ९०० च्या वर, मग खरंच कमी होतं का ते कळायला मार्गच उरत नाही. साधारण २०० च्या खाली कमी धरतात, २०० ते ३०० मध्ये असेल तर नक्की सांगता येत नाही, तिथे डॉक्टर होमोसिस्टीन ही रक्ताचीच आणखी एक तपासणी करायला सांगतात. फक्त फॉलिक अ‍ॅसिड खाल्लं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची खराबी आत चालूच राहते, हेही लक्षात असू द्या.
दुसरं, केसांच्या गोळ्या. त्यात बायोटिन असतं, ५ एमजी, १० एमजी, ते आमच्या बऱ्याच मशिनींना फसवतं. थायरॉइडचा टीएसएच खोटा कमी दाखवतो, टी४ खोटा जास्त, कागदावर पेशंट हायपरथायरॉइड. आता ज्याला आधीच धडधड, घाम, झोप नाही त्याच्या हातात असा रिपोर्ट दिला तर पुढे काय होईल विचार करा. बायोटिन घेत असाल तर रक्त देताना सांगा, आणि डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा.

गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. औषधवाला दादा, तुम्ही विचारलंत म्हणून सगळी पाकिटं काढून बसले. एस्सिटालोप्रॅमच्या पाकिटावर खरंच प्लस आहे, मागे लिहिलंय एस्सिटालोप्रॅम १० एमजी, क्लोनाझेपाम ०.५ एमजी. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की यात दोन औषधं आहेत.
आणि दुसरं, कंबरेच्या दुखण्यासाठी हाडाच्या डॉक्टरांनी दिलेली एक गोळी दादा बरेच महिने रात्री घेत होता, आम्ही घरात तिला 'नसांचं व्हिटॅमिन' म्हणतो कारण देताना तसंच सांगितलं होतं. त्यावर आहे प्रीगॅबलिन ७५ एमजी, नॉर्ट्रिप्टिलिन १० एमजी, मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी१२) १५०० एमसीजी. ती संपली आणि दादाने परत आणलीच नाही, म्हणाला एवीतेवी भारीतलं बी१२ आणणारच आहे. हे साधारण त्याच सुमाराला जेव्हा एस्सिटालोप्रॅम अर्धी केली.

औषधवाला
झालं. हेच वाटत होतं. ताई, ते व्हिटॅमिन नव्हतं, व्हिटॅमिन त्यात तोंडी लावण्यापुरतं. अशा गोळ्या आमच्याकडे रोज जातात, नावाला एनटी, एम अशी शेपटं असतात आणि घरोघरी त्यांना बी१२ म्हणतात.

डॉ_फुरसत
गोदाकाठची, हे आज उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. कारण असं झालंय की दादांनी एकदम चार गोष्टी हलवल्या. प्लसची गोळी अर्धी केली तेव्हा एस्सिटालोप्रॅमबरोबर क्लोनाझेपामही अर्धं झालं, आणि क्लोनाझेपाम हे सवय लागणारं औषध आहे, ते झटक्यात बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. त्याच वेळी प्रीगॅबलिन (नसांच्या दुखण्याचं औषध) पूर्ण बंद, ते एकदम थांबवलं तर झोप उडणं, घाम, अस्वस्थता हे होऊ शकतं, युरोपात ते चिंतेच्या आजारावरही वापरतात यावरून काय ते समजा. आणि नॉर्ट्रिप्टिलिन तर मुळात डिप्रेशनचंच जुनं औषध, कमी डोसात दुखण्यासाठी देतात. इतक्या गोंधळात बी६ आणि नायसिन ओतलं असतं तर कशाने काय होतंय ते ब्रह्मदेवाला कळलं नसतं.
डॉक्टरांना एवढंच विचारा की एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम वेगवेगळ्या गोळ्यांत मिळेल का, म्हणजे एका वेळी एकच कमी करता येईल, आणि प्रीगॅबलिनचं काय करायचं. स्वतःहून परत सुरूही करू नका, त्यांना ठरवू दे. बी१२, थायरॉइड आणि शुगर एकदा बघून घ्या, नवीन काही खायच्या आधी. आणि चिडचिडीपलीकडे काही जाणवलं, जगण्याचा कंटाळा वगैरे बोलले, तर रात्री अपरात्री १४४१६ ला फोन करा, टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

सोलापुरी_चादर
मला एक कळत नाही, दोन डॉक्टर, एक मेडिकल, आणि कुणीच घरच्यांना सांगत नाही की गोळीत काय आहे. प्लस म्हणे. मोबाईलचा प्लॅन आहे का प्लस?

निळासावळा
हॉफरबद्दल प्राध्यापकांचं वाचलं, बघतो. बी१२ चं म्हणणं मात्र सोडत नाही. तपासा तरी.

डॉ_फुरसत
सोडू नकाच. तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, तपासा आणि कमी असेल तर दणकून द्या.

गोदाकाठची
उशीर झाला, माफ करा. अपडेट देते. डॉक्टरांना सगळी पाकिटं नेऊन दाखवली, ते हाडाच्या डॉक्टरांच्या गोळीबद्दल ऐकून कपाळाला हात लावून बसले, त्यांना माहीतच नव्हती. आता एस्सिटालोप्रॅम परत १० वर, क्लोनाझेपाम वेगळं आणि सध्या तेवढंच, प्रीगॅबलिन आधी थोडं परत देऊन सावकाश बंद करणार, नॉर्ट्रिप्टिलिन नाही दिलं. एस्सिटालोप्रॅमचं कमी करणं बाकी सगळं शांत झाल्यावर. झोप लागायला लागलीय, करंट मान झटकन वळवली तरच.
आणि निळासावळा, बी१२ आलं १६८. इतके महिने त्या गोळीत १५०० एमसीजी खाऊनही, कारण ती तो आठवण येईल तेव्हा घ्यायचा आणि अ‍ॅसिडिटीची गोळी मात्र रोज न चुकता. इंजेक्शनं सुरू केलीत. मुंग्या अजून आहेत, डॉक्टर म्हणाले त्यांना वेळ लागतो. बाजूच्या काकू सांगतायत की रोज इडली खा, आंबवलेल्यात बी१२ असतं, खरं का? दादा अंडं खायला तयार झालाय पण घरात शिजवू देत नाही आई.

औषधवाला
इडलीतल्या बी१२ वर भरवसा ठेवू नका, दूध दही ताक वाढवा. अंडं गच्चीवर उकडा. इंजेक्शनच्या अँप्युल उघड्यावर उजेडात ठेवू नका, मिथाइलकोबालामिन उजेडाने खराब होतं, खोक्यातच राहू द्या.

मनीमाऊ
गच्चीवर अंडं 😂 आमच्याकडे त्यासाठी वेगळा स्टोव्ह आहे, बाल्कनीत.